सशाचं पोट

आमच्या पाळीव सशाच्या, कापशीच्या, लेंड्यांवर मला जंत दिसले ते जुलैत, पावसाची झड लागलेली असताना. पिंजऱ्याखालचा ट्रे ओढून झाडायला घेतला, तर ताज्या लेंड्यांवर बारीक पांढरं काहीतरी वळवळत होतं. लांबी जेमतेम ५ ते १० मिलिमीटर, एक टोक अणकुचीदार. दोन-तीन लेंड्यांवर तेच. कापशी मात्र कोपऱ्यात बसून मजेत गवत खात होती आणि तिच्या जोडीचा ससा भुऱ्या तिच्या कानामागं चाटत होता.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचं बैठं घर आहे. मागं अंगण, त्यापलीकडं लोकांची शेतं. कुत्री, गाई, शेळ्या यांच्या आजारांबद्दल इथं प्रत्येकाला काही ना काही माहीत असतं. सशाबद्दल मात्र कुणालाच फारसं सांगता येत नाही. जंत दिसल्याची बातमी घरात पसरली आणि उपाय गोळा व्हायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "वावडिंग उकळून दे, आमच्या लहानपणी तेच द्यायचे." शेजारचे आबा पावसाळ्याच्या तोंडाला शेळ्यांना पाजतात ती जंताच्या औषधाची बाटली घेऊन आले. "चमचाभर पाज, उद्या साफ होईल." तिसरीतल्या मल्हारनं वेगळाच प्रश्न काढला, "आई, मी कापशीला मांडीवर घेतो, मग मलापण होतील का?"

मी त्या दिवशी काहीच पाजलं नाही. ताज्या लेंड्या एका स्वच्छ डबीत घेतल्या, कापशीला टोपलीत बसवलं आणि डॉक्टरांकडं गेले. आमचे डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेले. त्यांचा बहुतेक दिवस गाई-म्हशींत जातो, पण ससा आला की ते खुर्ची पुढं ओढून बसतात.

"नमुना आजचाच ना, ताई?" त्यांनी आधी विचारलं. मग जंतांकडं न बघता कापशीबद्दल विचारायला लागले. खाणं कमी झालंय का? लेंड्या नेहमीएवढ्याच पडतात का? आकार तोच आहे की बारीक झालाय? मागचे केस चिकटलेले असतात का? वजन किती होतं, आता किती आहे? तिला तराजूवर ठेवलं तर १ किलो ९०० ग्रॅम भरली, म्हणजे नेहमीइतकीच.

त्यानंतर त्यांनी लेंड्या कुस्करून मिठाच्या संपृक्त पाण्यात मिसळल्या, गाळल्या आणि थोडा वेळ तशाच ठेवल्या. जंतांची अंडी अशा दाट पाण्यात वर तरंगतात. वरचा थेंब काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बघायला लावलं. लांबट अंडी, एका बाजूनं किंचित चपटी. "हा पासालुरस. सशाचा सूतकृमी. माणसाच्या पोटात जो सूतकृमी होतो तो वेगळा. हा तुमच्या मुलाला होत नाही आणि मुलाचा हिला होत नाही." मल्हारच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं.

हे जंत सशाच्या मोठ्या आतड्यात आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या पिशवीत राहतात. त्या पिशवीला डॉक्टर सीकम म्हणतात. जंत तिथं आतड्याचं रक्त पीत नाहीत, आतड्यातल्या अर्धवट पचलेल्या मालावर जगतात. म्हणून अंगात जंत असूनही बहुतेक मोठे ससे ठणठणीत असतात. फार वाढले तर गुदद्वाराशी खाज सुटते, केस विस्कटतात, पिल्लांचं वजन वाढत नाही. औषध द्यायचं, पण घाबरून नाही आणि अंदाजानं तर मुळीच नाही.

आबांच्या बाटलीबद्दल मी विचारलं तेव्हा डॉक्टर गंभीर झाले. बाटलीतलं औषध अल्बेंडाझोल होतं. त्याच कुळातलं फेनबेंडाझोल त्यांनीही कापशीला लिहून दिलं, पण वजन करून, मिलिलिटरच्या हिशेबानं आणि ठरावीक दिवसच. ही औषधं सशाला प्रमाणाबाहेर गेली तर हाडांमधल्या मगजावर परिणाम होतो, नवं रक्त तयार होणं मंदावतं, आणि त्यात ससे दगावल्याची नोंद आहे. तीस किलोच्या शेळीसाठी असलेल्या बाटलीतला चमचा दोन किलोच्या सशाला किती होतो, याचा हिशेब आबांनाही लगेच पटला. दोन्ही सशांना एकाच वेळी औषध द्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं असं ठरलं. जंतांची अंडी गवतावर, फरशीवर, केसांवर राहतात आणि एकमेकांना चाटताना परत पोटात जातात. एकाला औषध दिलं आणि दुसऱ्याला नाही, तर महिन्याभरात पुन्हा तेच दिसणार.

त्या भेटीत मी जे शिकले ते जंतांपेक्षा मोठं होतं. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. दिवसभर पडतात त्या गोल, कोरड्या, गवताचा चुरा दिसणाऱ्या लेंड्या. दुसरी मऊ, चकचकीत, काळसर, बारीक द्राक्षांच्या घडासारखी, उग्र वासाची. ती बहुधा रात्री किंवा पहाटे येते आणि ससा ती गुदद्वारापाशीच तोंड नेऊन खातो. सीकममध्ये जिवाणूंनी आंबवून तयार केलेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं त्या घडात असतात. एकदा पोटातून गेलेलं ससा दुसऱ्यांदा खातो तेव्हाच त्याचं पोषण पुरं होतं. पुष्कळजण पिंजऱ्यात असा मऊ घड दिसला की जुलाब झाले म्हणून औषध सुरू करतात. खरे जुलाब पातळ, पाण्यासारखे असतात, आणि तो तातडीचा मामला. मऊ घड रोज न खाल्लेले पडलेले दिसले तर त्याचा अर्थ वेगळा. एक तर ससा जाड झालाय, त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. नाहीतर त्याला दात किंवा पाठ दुखतेय, किंवा खाण्यात पिठूळ आणि गोड पदार्थ जास्त झालेत.

डॉक्टरांनी सीकम समजावताना शेणगॅसच्या टाकीचं उदाहरण दिलं. टाकीत रोज ठरावीक माल पडला, आतले जिवाणू जिवंत राहिले, माल पुढं सरकत राहिला, तर सगळं चालतं. आवक बंद झाली किंवा भलताच माल पडला की टाकी बिघडते, नको तो वायू धरते. सशाच्या आतड्यात जेवढा माल असतो, त्याचा जवळपास ४० टक्के भाग या एका पिशवीत असतो. आणि सशाला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढंच जायला हवं.

त्याच पावसाळ्यात नणंदेच्या मुलीनं एका जत्रेतून सशाचं पिल्लू आणलं. ओंजळीत मावेल एवढं, करड्या रंगाचं. विकणाऱ्यानं दोन महिन्यांचं म्हणून सांगितलं होतं. ती ते घेऊन आमच्याकडं आली तेव्हा त्याचं पोट टम्म फुगलेलं होतं आणि पाठीचा प्रत्येक मणका बोटाला लागत होता. मागचे पाय ओल्या, चिकट विष्ठेनं भरलेले. आम्ही त्याला कापशी आणि भुऱ्याजवळ नेलं नाही. वेगळ्या खोलीत ठेवलं आणि लगेच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांच्या अंदाजानं ते पाचेक आठवड्यांचं होतं. पिल्लू किमान आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये, कारण दूध सुटून गवतावर येतानाच त्याच्या आतड्यातली जिवाणूंची घडी बसत असते. हे पिल्लू त्याच नाजूक दिवसांत आईपासून तुटलं, गर्दीच्या पिंजऱ्यात राहिलं, प्रवास सोसला, आणि त्याच्या खाण्यात गाजर व भिजवलेली पोळी होती. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी नव्हतीच. सगळीकडं कॉक्सिडियाच्या लंबगोल पुटकुळ्या दिसत होत्या.

कॉक्सिडिया हे जंत नाहीत, एकपेशीय जीव आहेत. कोंबड्या पाळणाऱ्यांना रक्ती हगवण माहीत असते, तिला कारण होणाऱ्या आयमेरिया कुळातलेच, पण सशांच्या जाती वेगळ्या. कोंबडीचा सशाला लागत नाही. सशात त्यांच्या डझनाच्या आसपास जाती आहेत. बहुतेक आतड्यात वाढतात, एक मात्र यकृतातल्या पित्तनलिकांमध्ये. हॉलंडमधल्या आंतोनी व्हान लेव्हेनहुकनं १६७४ मध्ये आपल्या भिंगाखाली सशाच्या पित्तात जे लंबगोल कण पाहिले, ते याच यकृतातल्या जातीचे असावेत असं मानलं जातं. माणसानं पाहिलेला हा बहुधा पहिला एकपेशीय परजीवी. सशाच्या आजाराची ओळख एवढी जुनी आहे, आणि तरी आपल्या जत्रांत रोगट पिल्लं विकली जातात, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

डॉक्टरांनी टोल्ट्राझुरिल दिलं, कातडीखाली सलाईन दिलं, ऊब दिली. मुलगी रात्रभर त्याच्याजवळ बसली होती. पहाटे ते गेलं. ती खूप रडली. मी तिला समजावलं नाही, जवळ घेऊन बसले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आम्ही शवविच्छेदनाला हो म्हणालो, कारण घरात आणखी दोन ससे होते आणि नेमकं काय झालं हे कळायला हवं होतं. यकृत स्वच्छ होतं. लहान आतड्याची भिंत सुजलेली, तिच्यावर पांढुरके ठिपके. औषध परजीवीची वाढ थांबवतं, पण आतड्याच्या ज्या पेशी आधीच फुटलेल्या असतात त्या लगेच भरून येत नाहीत. पिल्लात तेवढा वेळ उरलेला नव्हता.

मग कापशी आणि भुऱ्याचाही नमुना पुन्हा तपासला. त्यांच्यातही थोड्या पुटकुळ्या दिसल्या. मोठे, निरोगी ससे थोडे कॉक्सिडिया अंगावर वागवतात, आजारी पडत नाहीत, म्हणून त्यांना औषध दिलं नाही. त्याच काचेवर डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. लांबट, कांडीसारखे भरपूर कण. ते सशाच्या पोटात नेहमी असणारं एक यीस्ट असतं, सायनिक्लोमायसिस नावाचं. नवख्या तपासणाऱ्याला तेच कॉक्सिडिया वाटतात आणि नसलेल्या आजाराचं औषध सुरू होतं. नुसत्या "पॉझिटिव्ह" शब्दावर थांबू नये, काय दिसलं, किती दिसलं आणि ससा कसा आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र बघाव्यात, हे त्यांनी मला त्या दिवशी पटवून दिलं.

कॉक्सिडियाच्या बाबतीत झाडूच खरं औषध ठरतो, हे कळल्यावर माझी सकाळची झाडलोट जास्त मन लावून होऊ लागली. विष्ठेतून बाहेर पडलेली पुटकुळी लगेच लागण करत नाही. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती आतून तयार होते आणि मगच धोकादायक ठरते. म्हणजे रोज ट्रे रिकामा केला, फरशी कोरडी ठेवली, तर तिला तयार व्हायला वेळच मिळत नाही. फिनेल वगैरेंनी ती सहज मरत नाही. उकळतं पाणी आणि कडक ऊन यांचा उपयोग होतो. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून मी जाळीच्या तळाचे ट्रे दोन ठेवले, एक वापरात आणि दुसरा उकळत्या पाण्यानं धुऊन वाळत. गवत जमिनीवर न टाकता भिंतीला लावलेल्या लाकडी गव्हाणीत ठेवते. पाणी रोज बदलते.

पावसाळ्यातच आणखी एका किड्याची ओळख झाली. भुऱ्याच्या शेपटीखालचे केस एकदा ओले राहिले होते, तर त्यात माशीची अंडी दिसली. ती जंतांची नसतात. ओल्या, घाण झालेल्या केसांवर माशी अंडी घालते, २४ तासांच्या आत अळ्या बाहेर येतात आणि जिवंत सशाची कातडी खातात. जंत चार दिवस थांबू शकतात, या अळ्या थांबत नाहीत. केस कापून, सगळी अंडी विंचरून काढून लगेच दवाखान्यात जावं लागतं. तेव्हापासून पावसाळ्यात रोज संध्याकाळी दोघांना उलटं धरून शेपटीखाली बघितल्याशिवाय मी दिवा मालवत नाही.

तरी ज्या आजारानं आमच्या घराची झोप उडवली त्यात एकही जंत नव्हता.

मे महिना होता. साताऱ्यात उन्हाळा पुण्या-मुंबईइतका त्रासाचा नसतो, पण त्या आठवड्यात हवा तापलेली होती. सशाला घाम येत नाही. कानातल्या शिरांतून तो उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळं पारा तिशीच्या पुढं गेला की त्याला त्रास व्हायला लागतो. म्हणून आम्ही फरशीवर ओलं गोणपाट आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवत होतो. रात्री कापशीनं गवताला तोंड लावलं नाही. आवडती कोथिंबीर समोर धरली तर हुंगली आणि मान फिरवली. अंगाचा गोळा करून, पोट जमिनीला दाबून, डोळे अर्धे मिटून बसली. जवळ कान नेला तर दात करकरल्याचा आवाज. ट्रेमध्ये संध्याकाळपासूनच्या लेंड्या जेमतेम चार-पाच, मिरीएवढ्या बारीक, कोरड्या. पोटाला कान लावला. एरवी तिथं सतत बारीक गुडगुड ऐकू येते. काहीच नव्हतं.

ससा १२ तास खात नसेल तर ती वाट बघायची वेळ नसते. पोट थांबलं की सीकममधला माल सुकतो, वायू धरतो, वायूनं पोट दुखतं, दुखल्यानं ससा आणखी खात नाही, आणि अंगातली चरबी यकृतात साठायला लागते. एक-दोन दिवसांत सगळं हाताबाहेर जातं.

रविवार होता आणि आमचे डॉक्टर एका गावी अडलेल्या म्हशीकडं गेले होते. दुसऱ्या एका दवाखान्यात कापशीला दाखवलं. तिथं पोट बिघडलंय म्हणून तोंडानं द्यायचं अमॉक्सिसिलिन लिहून मिळालं. आमच्या डॉक्टरांनी पूर्वीच बजावलं होतं की सशाच्या पोटात कुठलंही नवं औषध जाण्याआधी फोन करायचा. मी फोन केला. म्हशीच्या गोठ्यातूनच ते जवळजवळ ओरडले, "ताई, ते देऊ नका!" अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविकं सशाला तोंडावाटे दिली तर सीकममधले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषानं ससा दगावतो. माणसाच्या मुलाला सहज दिलं जाणारं औषध सशाला मारू शकतं, हे सशाला कमी आणि कुत्र्याला जास्त तपासणाऱ्या दवाखान्यात लक्षात राहीलच असं नाही. ते औषध मी दिलं नाही. कापशी आज घरात आहे, याचं एक मोठं कारण मी तो फोन मानते.

डॉक्टर परस्पर दवाखान्यात आले. आधी पोट चाचपलं. पोट ताणून कडक झालं असेल, आतडं केसांच्या गोळ्यानं वगैरे अडलं असेल, तर तोंडानं खाऊ घालणं घातक ठरतं, म्हणून एक्स-रे काढला. अडथळा नव्हता. पोट कणकेसारखं घट्ट, पण फुगलेलं नाही. ताप मोजला. सशाच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. कापशीचं त्याखाली गेलं होतं आणि तिचे कान गार होते. मग क्रम ठरला. पहिल्यांदा ऊब. मग कोमट सलाईन कातडीखाली. मग वेदना कमी करणारं मेलॉक्सिकॅम, कारण दुखणं थांबल्याशिवाय ससा खात नाही. मग आतड्याची हालचाल वाढवणारं औषध. आणि अंग गरम झाल्यावर दळलेल्या गवताची पातळ पेज सिरिंजनं, तोंडाच्या कडेनं, थोडी थोडी, ती चघळून गिळेल अशा बेतानं.

त्या रात्री आम्ही पाळीपाळीनं जागलो. सासूबाईंनी पेज गाळून द्यायचं काम घेतलं, मल्हारच्या बाबांनी गरम पाण्याच्या पिशव्या बदलायचं. मी सिरिंज धरत होते आणि मधेमधे पोट हळूच गोल चोळत होते. पहाटेच्या सुमाराला ट्रेवर काहीतरी पडल्याचा आवाज आला. बारीक, वेडीवाकडी, केसात गुंफलेली एक लेंडी. सासूबाईंनी हात जोडले. आम्ही सगळे तिच्याभोवती बसून रडलो आणि हसलो.

पोट सुरू झालं, पण का थांबलं हा प्रश्न डॉक्टरांनी सोडला नाही. नळीच्या टोकाला दिवा असलेलं उपकरण घालून त्यांनी दाढा पाहिल्या. खालच्या एका दाढेची कड वाढून जिभेला घासत होती, तिथं जखम झाली होती. उन्हानं पाणी कमी झालं, त्यात तोंड दुखत होतं, दोन्ही मिळून तिनं खाणं सोडलं. सशाचे सगळे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. लांब गवत तासन्‌तास आडवं चघळलं तरच दाढा झिजतात. गोळीखाद्य दोन-चार चाव्यांत फुटतं, गाजर तर त्याहून लवकर. चित्रांत सशाच्या हातात कायम गाजर असतं, पण त्यातली साखर सीकमला सोसत नाही आणि दाढेलाही त्यातून व्यायाम मिळत नाही. कापशी सावरल्यावर पुण्याला नेऊन भूल देऊन तिची दाढ घासून घेतली. भुलीआधी कुत्र्याला उपाशी ठेवतात, सशाला ठेवायचं नसतं, हेही तिथं कळलं. त्याला उलटी होत नाही आणि रिकाम्या पोटी त्याची आतडी आणखी मंदावतात.

त्यानंतर आमच्या घरचं सगळं गवताभोवती फिरायला लागलं. सशाच्या खाण्यात ८० टक्क्यांच्या आसपास सुकं गवत हवं. परदेशी टिमोथी गवत पाकिटांत मिळतं, पण ते महाग आणि साताऱ्यासारख्या गावात नेहमी मिळेल याची खात्री नाही. डोंगरउतारावरचं मारवेल आणि बांधावरची हरळी आमच्याकडं भरपूर. आबांनीच एका शेतकऱ्याची गाठ घालून दिली. फुलोऱ्याच्या आधी कापलेलं मारवेल आम्ही सावलीत वाळवतो, हिरवा रंग टिकेल असं. बुरशीचा वास आला तर ते गवत सरळ टाकून देतो. लसूणघास चांगला असला तरी त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त असतात. तो वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना फक्त चवीपुरता.

गवत कुठून कापायचं याचाही पुन्हा जंतांशीच संबंध आहे. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका पट्टकृमीची अंडी विष्ठेतून गवतावर येतात. ससा ते गवत खातो तेव्हा त्याच्या यकृतात आणि पोटाच्या पडद्यांवर पाण्याच्या पुटकुळ्या होतात. म्हणून रस्त्याकडेचं, मोकाट कुत्री फिरतात तिथलं किंवा फवारणी झालेल्या पिकाच्या बांधावरचं गवत आम्ही घेत नाही. घराजवळच्या कुत्र्यांना वेळेवर जंताचं औषध देणं हे सशाच्याही भल्याचं असतं.

आता ओळखीतून फोन येतात. कुणाच्या सशाला जंत दिसलेले असतात, कुणाचा ससा गप्प बसलेला असतो. जंत दिसले असतील तर मी ताजा नमुना आणि सशाचं वजन घेऊन डॉक्टरांकडं जायला सांगते, औषध आपल्या मनानं पाजू नका म्हणते, आणि घाबरू नका असंही सांगते. पण सगळ्यात आधी विचारते, शेवटचं कधी खाल्लं आणि शेवटची लेंडी कधी पडली? उत्तर "काल" असेल तर बोलणं तिथंच थांबवून निघायला सांगते, रात्र असली तरी. दिसणाऱ्या जंताला सगळे घाबरतात आणि न दिसणाऱ्या थांबलेल्या पोटाकडं उद्या बघू म्हणतात. सशांचे जीव बहुतेक या "उद्या"त जातात.

आणि ससा आणायचा विचार करणाऱ्यांना मी एवढंच म्हणते. आपल्या गावात सशाला तपासणारा डॉक्टर कोण आहे आणि रोजचं गवत कुठून येणार, हे आधी ठरवा. पिल्लू आठ आठवड्यांहून लहान वाटलं तर कितीही गोजिरं असलं तरी घेऊ नका, म्हणजे विकणाराही पुढच्या वेळी ते आईजवळ ठेवील. या गोष्टी जमणार नसतील तर ससा आणू नका. जमणार असतील तर जरूर आणा, आणि रोज सकाळी ट्रे रिकामा करण्याआधी त्यात काय पडलंय ते नीट बघा.